कणीस आणि मूळ

(महोत्सवप्रसंगीं नेरळ येथें केलेलें भाषण)



आगेऱ्याच्या दिवशीं आपण भाताचीं नवीं कणसें वेदीपाशीं आणतों. कणीस देवळांत येतें. मूळ शेतांतच राहतें व त्याची चौकशी कोणी करीत नाहीं. आज त्या मुळाविषयीं आम्ही दोन शब्द बोलणार आहों.

कोंकणपट्टीची जुनी रीत सर्वांस ठाऊक आहे. पावसाळ्यापूर्वीं फांद्या तोडून, पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा. पुढें नांगरणी, चिखलणी आणि वांकून वांकून लावणी. राबाबरोबर मातीचें अन्न धूर होऊन जातें. शिवाय पाणी तुंबलेल्या खाचरांत हवेवांचून जगणारे सूक्ष्म जीव मिथेन वायु सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबानें तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडाच्या २५ पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

नेरळच्याच सगुणा बागेंत श्री. चंद्रशेखर भडसावळे ह्यांनीं निराळी वाट दाखविली. तिला सगुणा भात तंत्र म्हणतात. कायमचे गादीवाफे करून त्यांवर बीं टोकावयाचें; नांगर नको, चिखल नको, लावणी नको. कापणीनंतर मुळें उपटावयाचीं नाहींत. तीं जागच्या जागीं कुजतात, गांडुळांस पोसतात, पाण्यास व हवेस वाटा करून देतात. झाडानें हवेंतून घेतलेल्या कर्बाचा कांहीं अंश असा मातींत राहतो.

ह्या रीतींत ग्लायफोसेट हें तणनाशक वापरतात, हेंही सांगितलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१५ सालीं त्यास ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविलें. २०२२ सालीं भारत सरकारनें त्याच्या वापरावर निर्बंध घातले. म्हणून मूळ राखण्याची युक्ति घ्यावी, औषधाविषयीं सावध राहावें. घरचे हात पुरतील तेथें खुरप्यानें भागवावें.

२०१५ सालींच पोप फ्रान्सिस ह्यांनीं ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत पृथ्वीस आपलें सामाईक घर म्हटलें. त्या घरांतील आपल्या वांट्याची खोली म्हणजे आपलें शेत. आज आपल्या तालुक्यांत शेतें विकून बंगले उठत आहेत. तरुण म्हणतात, कष्ट पुष्कळ, हातीं कांहीं लागत नाहीं. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु लावणीचे कष्ट व मजुरी वांचली, तर एखादा विकण्यापूर्वीं पुन्हां विचार करील.

निदान एका गुंठ्यावर हा प्रयोग करून पाहावा, एवढी विनंति. आणि पुढच्या आगेऱ्यास कणीस घेऊन याल, तेव्हां मूळ शेतांत ठेवून या.