वाइनचा भाव आणि वाइनची प्रत



या व्याख्यानमालेत वेदान्तापासून विमानविद्येपर्यंत सर्व विषयांवर बोलणे होते. तरी आजचा विषय छापील पत्रिकेत वाचून काहींनी भुवया उंचावल्या असतील. एकदोघा वडीलधाऱ्यांनी तर आम्हांस वाटेतच गाठून विचारले, "अहो, या व्यासपीठावरून आता पिण्याचे धडे देणार काय?" तसा आमचा हेतू नाही. जो पीत नाही त्याने आमच्या सांगण्यावरून पेल्याला हात लावावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु ज्या देशात वाइन ही जेवणाच्या ताटाशेजारची वस्तू आहे, तेथे तुटपुंज्या पैशांत चार वर्षे राहून ती विकत घेताना आम्ही जे शिकलो, ते वाइनपुरतेच नाही असे वाटल्यावरून आज येथे उभे राहिलो आहोत.

आम्ही उभयता फ्रान्सच्या दक्षिणेस माँपेलिए येथे होतो. आमच्यापैकी एकास संशोधनाची शिष्यवृत्ती, दुसऱ्यास मिळेल ते काम. घरभाडे दिल्यावर खाण्यापिण्यासाठी महिन्याकाठी दोनशे युरो उरत. पहिल्याच हिवाळ्यात खालच्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याने आम्हांस रविवारी जेवावयास बोलावले. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून आम्ही शहरातील एका दुकानात शिरलो. दुकानदाराने आमच्याकडे एकवार पाहिले आणि बोर्दोची एक बाटली पुढे केली. लेबलावर वाडा, वाड्यापुढे झाडांची रांग, खाली सोनेरी अक्षरे. किंमत अडतीस युरो! दुसरी एखादी दाखवा म्हणण्याचे धैर्य झाले नाही. पुढचे दोन आठवडे मसूर आणि बटाटे खाऊ असे ठरवून आम्ही ती घेतली.

यजमानांनी बाटली हातात घेतली, आभार मानले आणि ती कपाटात ठेवून दिली. टेबलावर आला तो काचेचा साधा चंबू. त्यात गर्द तांबडी वाइन, लेबल नाही की काही नाही. बकऱ्याच्या मटणाबरोबर ती इतकी छान लागली की आम्ही न राहवून विचारले, ही कोठली? म्हातारबुवा म्हणाले, "आमच्या गावच्या सोसायटीची. लिटरला दोन युरो." आमचे चेहरे उतरलेले पाहून ते हसले. मग त्यांनी विचारले, "तुम्ही दिलेल्या अडतीस युरोंतले द्राक्षे पिकविणाऱ्याला किती मिळाले, हे दुकानदाराला विचारलेत का?"

हा प्रश्न आम्हांस झोंबला, त्याला कारण आहे. आमच्यापैकी एकाचे घर तासगावकडचे. बाग आणि बेदाणा यांवरच ते घर चालले. वर्षभर छाटणी, औषधफवारणी, अवकाळी पावसाची धास्ती, शेडवर वाळवण, आणि मग सौद्याच्या दिवशी माल पुढे ठेवून व्यापारी काय बोली बोलतो ते मुकाट्याने ऐकायचे. तोच बेदाणा पुण्यामुंबईच्या दुकानात काय भावाने जातो, हे वडील दर वर्षी विचारीत आणि उत्तर ऐकून गप्प बसत. त्यांची मुले परदेशी गेल्यावर लेबलावरचा वाडा पाहून पैसे मोजून आली होती!

त्या दिवसापासून आम्ही शोधास लागलो. पहिला प्रश्न असा की, वाइनची प्रत ठरविली कोणी? बोर्दोची प्रसिद्ध श्रेणी १८५५ सालची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या आमदानीत ती तयार झाली. ती केली दलालांनी, आणि मुख्यतः कोणत्या मळ्याची वाइन बाजारात काय भावाने जाते यावरून. म्हणजे आधी भावावरून प्रत ठरली, आणि पुढे पावणेदोनशे वर्षे प्रतीवरून भाव ठरत आला. १९७३ साली मूताँ-रोथशिल्ड या मळ्यास दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात घेतले, हा त्यातील एकमेव ठळक बदल. ते मळे वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु जिभेऐवजी तराजूने दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे, एवढे गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावे.

आणि आपली जीभ तरी कितपत स्वतंत्र आहे? २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वाइन लोकांना एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली. नव्वदची म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर सुखसंवेदनेशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागाची हालचालही अधिक झालेली यंत्रावर दिसली. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरीच ती गोड लागली! हे वाचल्यावर आम्ही घरी एक रिवाज पाडला. बाटली कागदात गुंडाळायची, एकाने ओतायची, दुसऱ्याने किंमत न कळता मत द्यायचे. आमची कितीतरी मते त्या कागदाने बदलली.

आता व्यवहाराकडे येऊ. दुकानातल्या बाटलीच्या किमतीत काच, बूच, लेबल, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा एवढे आधीच बसलेले असते. तीन युरोच्या बाटलीत आणि सात युरोच्या बाटलीत काचेचा खर्च काही दुप्पट होत नाही. म्हणून तीनवरून सातवर गेलात तर वाढलेल्या पैशांतला बराच भाग प्रत्यक्ष वाइनच्या वाट्याला येऊ शकतो. पुढे पुढे मात्र वाढता पैसा नावाला आणि दुर्मिळतेला जातो. इंग्लंडात राहणाऱ्या आमच्या मित्रांचे गणित आणखी कठीण. तेथे एका बाटलीवर नुसते अबकारी शुल्कच अडीच पौंडांहून अधिक, आणि त्यावर पुन्हा वीस टक्के विक्रीकर. सहा पौंडांच्या बाटलीत वाइन किती पैशांची, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. फ्रान्समध्ये हे शुल्क बाटलीमागे काही सेंटच आहे. तेव्हा ज्या देशात राहतो तेथला कर आधी समजून घ्यावा, हा पहिला धडा.

दुसरा धडा लेबल वाचण्याचा. फ्रान्समध्ये वाइनच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर ठरावीक गावशिवाराच्या नावाची, जिच्यासाठी द्राक्षाचे वाण, एकरी उतारा, पद्धत हे सारे नियमांनी बांधलेले. यासाठी १९३५ साली स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मधली पायरी विस्तृत प्रदेशाच्या नावाची, नियम थोडे सैल. तिसरी नुसती 'फ्रान्सची वाइन'. पण पायरी म्हणजे चव नव्हे. नियमाबाहेरचे वाण लावणारा एखादा जिद्दी शेतकरी खालच्या पायरीवर उत्तम माल विकतो, आणि वरच्या पायरीवर आळशी माल पुष्कळ सापडतो. त्यापेक्षा वाइन बाटलीत भरली कोठे, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते ते वाचावे. मळ्यावर किंवा उत्पादकाने भरली असेल तर तसे स्पष्ट छापतात. 'जुन्या वेलींची' हे शब्द मात्र भुलवणारे. वेल किती वर्षांची झाली म्हणजे जुनी, हे तेथल्या कायद्याने ठरविलेले नाही.

तिसरा धडा प्रसिद्ध नावाच्या शेजारी पाहण्याचा. शॅम्पेन महाग, पण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेसाळ करण्याची तीच पद्धत वापरून फ्रान्सच्या इतर प्रांतांत 'क्रेमाँ' बनते, ती पुष्कळ कमी पैशांत मिळते. आमच्या प्रांतातील लिमू गावची क्रेमाँ आम्ही वाढदिवसाला आणीत असू. लाँगदॉक प्रांतातच कोर्बिएर, मिनेर्व्हुआ, फोजेर, सँ-शिनियाँ ही डोंगरउताराची गावशिवारे आहेत. सात-आठ युरोंत तेथली तांबडी वाइन मन तृप्त करते. समुद्रालगतच्या खाजणापाशी पिकपूल नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन होते. तेथले लोक ती कालवांबरोबर पितात, आम्ही बांगड्याबरोबर प्यायलो. तिच्या आंबटपणाने कोकमाची आठवण झाली. तिखट रश्शाबरोबर मात्र तुरट, कडक तांबडी वाइन घेऊ नये; तिखट अधिकच पेटते. हे ज्ञान आम्हांस एका फसलेल्या मेजवानीतून मिळाले.

आता त्या दोन युरोंच्या चंबूकडे वळू. वसंत ऋतूत म्हातारबुवांनी आम्हांस आपल्या गावच्या सहकारी वाइनघरात नेले. पेट्रोलपंपावर असते तशी नळी, आणि लोक पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन रांगेत उभे. आमच्या डोळ्यांपुढे दूधसंस्था उभी राहिली! या सहकारामागचा इतिहास मोठा आहे. १८६८ साली माँपेलिएच्या प्लाँशों या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह वेलींच्या मुळांवरची अमेरिकेतून आलेली सूक्ष्म कीड ओळखली. तिने फ्रान्सच्या बागा धुऊन नेल्या. अखेर उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. आपल्याकडे कारण निराळे, क्षारांचे आणि पाण्याच्या ताणाचे. पण आज सांगली-नाशिककडच्या बागाही डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावरच उभ्या आहेत.

बागा पुन्हा उभ्या राहिल्या, आणि भाव कोसळला. त्यात साखरपाणी घालून केलेल्या बनावट वाइनचा सुळसुळाट. १९०७ च्या मार्च महिन्यात आर्जेलिए या खेड्यातून मार्सेलँ आल्बेर नावाच्या द्राक्षबागाईतदाराबरोबर सत्त्याऐंशी माणसे निघाली. जूनमध्ये माँपेलिएच्या सभेला पाच लाखांवर लोक जमल्याचे सांगतात. नार्बोनला गोळीबार झाला, माणसे मेली. बेझिएच्या शिपायांची एक पलटण बंड करून लोकांना मिळाली, कारण ते शिपाई त्याच शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्या जूनच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला. त्याआधीच, १९०१ साली, मारोसाँ गावच्या लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली वाइन थेट पॅरिसच्या ग्राहक-सहकारी संस्थांना विकण्यास आरंभ केला होता. आपल्या प्रवरानगरच्या कारखान्याच्या जवळजवळ अर्धशतक आधीची ही गोष्ट.

हे ऐकून आम्ही भारावलो आणि म्हणालो, "म्हणजे आता आम्ही दोन युरोंचीच वाइन घ्यावी, हेच खरे!" म्हातारबुवा गंभीर झाले. म्हणाले, "माझ्याकडून थेट घेतलीत तर दोन युरो ठीक. पण बाजारात दोन युरोंची बाटली पाहिलीत तर तेव्हाही तोच प्रश्न विचारा." त्यांच्या म्हणण्याचा अर्थ पुढे कळला. ठोक व्यापारी त्या प्रांतात लिटरला एक युरोहूनही कमी भाव देतात. एकेकाळी फ्रान्समध्ये माणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन खपत असे, ती आता चाळीसच्या आसपास आली आहे. २०२४ साली तर सरकारने हेक्टरी चार हजार युरो देऊन कायमच्या बागा उपटण्याची योजना काढली. ज्या वेलींसाठी १९०७ साली माणसे मेली, त्या वेली उपटायला पुढे पैसे मिळाले! म्हातारबुवांच्या मुलाने आपली निम्मी बाग उपटली, हे आम्हांस त्यांच्या पत्रातून कळले.

तेव्हा स्वस्त हा शब्द दोन प्रकारचा आहे. एक स्वस्तपणा मधले वाडे, दलाल आणि सोनेरी अक्षरे गाळल्याने येतो. तो गिऱ्हाइकाच्या आणि शेतकऱ्याच्या दोघांच्याही हिताचा. दुसरा शेतकऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊन येतो. दोन्ही बाटल्यांवर किंमत एकच छापलेली असू शकते. त्यांतला भेद जिभेला कळत नाही, विचारावा लागतो. चौथ्या वर्षी आम्ही सुट्टीच्या दिवशी बसने गावोगाव जात असू. मळ्याच्या दारावर 'चाखून पाहा' अशी पाटी असे. कितीदा बाग कोणाची, छाटणी केव्हा, यंदा गारा पडल्या का, असे आम्ही विचारले. आणि आम्हीही बागाईतदाराच्या घरचे असे कळले की मालक खुर्च्या मांडून बसे, भाषा अर्धीमुर्धी असली तरी. सहा ते नऊ युरोंत आम्हांस जे मिळाले ते अडतीस युरोंत मिळाले नव्हते.

शेवटी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. निर्धोक म्हणावे असे मद्याचे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या आरंभी स्पष्ट सांगितले आहे. 'वाइन औषधी असते' अशा गप्पांवर कोणी विसंबू नये. आम्ही जेवणाबरोबर एक पेला घेत असू, आणि त्याचेही समर्थन आरोग्याच्या नावाने करीत नाही.

परत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही तासगावी गेलो. वडिलांनी विचारले, "तिकडं द्राक्षाला काय भाव?" आम्ही म्हातारबुवांची सारी हकीकत सांगितली, पत्रही वाचून दाखविले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निम्मी ठेवलीया न्हवं? बरं झालं." आणि पुढच्या खेपेस फ्रान्सला कोणी जाणारे असेल तर त्याच्याबरोबर देण्यासाठी म्हणून त्यांनी घरच्या बेदाण्याची दोन किलोची पिशवी बांधून ठेवली. ती आम्ही गेल्या वर्षी पोचती केली.