निघून जाण्याची मोकळीक



४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कोणी हल्ला केला नव्हता, कुठे समुद्रातली केबल तुटली नव्हती. नेहमीच्या देखभालीत दिल्या गेलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना आपापसांत जोडणारे जाळे तुटले. इंटरनेटवर प्रत्येक मोठ्या जाळ्याला ‘माझ्याकडे यायचा रस्ता हा’ असे शेजारच्या जाळ्यांना सतत सांगत राहावे लागते. या व्यवस्थेला बीजीपी म्हणतात. आतले जाळे तुटल्याचे लक्षात येताच नावावरून पत्ता सांगणाऱ्या फेसबुकच्या नेमसर्व्हरांनी हे सांगणे आपोआप थांबवले, आणि काही मिनिटांत जगभरच्या संगणकांच्या लेखी फेसबुक नावाचा पत्ताच उरला नाही. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरून यंत्रांपर्यंत पोहोचण्यातच बराच वेळ गेला.

त्या सहा तासांत इंटरनेट मात्र धडधाकट होते. ईमेल पोहोचत होते, संकेतस्थळे उघडत होती. पण त्याच वर्षी केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यानुसार भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी वापरकर्ते होते, आणि त्यांतल्या असंख्य लोकांपुरते इंटरनेटच गेले होते. एक कंपनी बंद पडणे आणि जाळे बंद पडणे यांत फरक उरू नये, ही वेळ कशी आली? आणि ‘विकेंद्रित वेब’ या नावाने जी वाट आज सुचवली जाते ती कितपत खरी आहे? माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. विकेंद्रीकरण यंत्रांच्या संख्येवर मोजू नये. आपला पत्ता, आपले लेखन आणि आपली माणसे घेऊन वापरणाऱ्याला एका कंपनीकडून दुसरीकडे जाता येते का, यावर ते मोजावे.

इंटरनेटच्या मांडणीत मध्यवर्ती मालक मुळात नव्हताच. रँड संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जाळ्यांचे तीन प्रकार दाखवले होते: एकाच केंद्राला बांधलेले, काही मोठ्या केंद्रांना बांधलेले, आणि प्रत्येक गाठ अनेक शेजाऱ्यांना जोडलेले. अणुहल्ल्यातही टिकेल असे संदेशवहन हा त्यांचा विषय होता. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट त्याच हेतूने उभारले गेले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही, महागडे संगणक दुरून वापरता यावेत हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. पण निरोपाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी पाठवण्याची कल्पना दोन्हींकडे समान होती. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी-आयपी हा व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी घडवलेला संकेत स्वीकारला. त्यात कोणाचेही जाळे कोणाच्याही जाळ्याला जोडता येते. संकेत पाळला की झाले, परवानगी मागावी लागत नाही.

वेबही याच रीतीने वाढली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या प्रयोगशाळेत तिची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचे तंत्र कोणतेही शुल्क न घेता सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी, वेबच्या बरोबरीने चालणाऱ्या गोफर या प्रणालीसाठी मिनेसोटा विद्यापीठाने काही वापरकर्त्यांकडून परवानाशुल्क घेण्याचे जाहीर केले होते. लोकांनी गोफरकडे पाठ फिरवण्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक ठळक कारण होते. खुलेपणाची किंमत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. युनिकोड रुळेपर्यंत आपल्याकडे प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असे. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन अक्षरांची आणि खुणांची रांगोळी म्हणून उघडे. मजकूर आपला असूनही तो वाचण्याची किल्ली फॉन्ट विकणाऱ्याकडे होती. सर्वांनी एकच खुला संकेत मानला तेव्हा मराठी मजकूर कुठेही नेता येऊ लागला, शोधता येऊ लागला.

मग मालक आले कुठून? माझ्या मते इंटरनेटच्या रचनेत एक मजला बांधायचाच राहून गेला. यंत्रांना पत्ते मिळाले, पानांना पत्ते मिळाले, पण माणसाची ओळख आणि त्याची ओळखीची माणसे यांच्यासाठी खुला संकेत झाला नाही. अपवाद ईमेलचा. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ची खूण ठेवली, आणि आजही पुण्यातल्या एखाद्या छोट्या संस्थेच्या सर्व्हरवरून निघालेले पत्र जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचते. पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्त्यातला उजवीकडचा भाग वाचतो, त्या नावाची टपाल घेणारी यंत्रे कोणती ते डीएनएस या नावांच्या नोंदवहीला विचारतो, आणि थेट त्यांच्याशी बोलतो. मध्ये सामायिक मालक नाही.

गप्पांच्या सेवांनाही हे जमले असते; किंबहुना जमत होते. एक्सएमपीपी हा खुला संकेत होता, आणि गूगल टॉकने २००६ पासून इतरांच्या सर्व्हरवरच्या लोकांशी बोलण्याची सोय दिली होती. २०१३ मध्ये हँगआउट्स आणताना गूगलने ती सोय सोडली. व्हॉट्सॲपची सुरुवातीची बांधणीही याच एक्सएमपीपीत फेरफार करून झाली, फक्त बाहेरच्या जगाशी बोलण्याचे दार त्यात ठेवले गेले नाही. बंद ठेवण्यामागे तांत्रिक असमर्थता नव्हती. तुमचे नातेवाईक, तुमची सोसायटी, तुमच्या मुलाचा वर्ग एका ॲपवर आहे म्हणून तुम्ही तिथे आहात. तुम्ही आहात म्हणून ते आहेत. ही साखळी ज्याच्या हाती, त्याला सेवा उत्तम ठेवण्याची सक्ती उरत नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. ती योग्य की अयोग्य हा आजचा प्रश्न नाही. पण ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे राबून आपला प्रेक्षक जमवला होता त्यांना तो सोबत दुसरीकडे नेता आला नाही, कारण ती यादी त्यांची नव्हतीच.

या दुखण्यावर गेल्या दशकात सर्वांत गाजावाजाने विकले गेलेले औषध म्हणजे ब्लॉकचेनवर आधारलेले ‘वेब ३’. इथिरियम या ब्लॉकचेनच्या संस्थापकांपैकी गॅविन वुड यांनी २०१४ साली हे नाव रूढ केले. हजारो यंत्रांवर एकच नोंदवही, म्हणून कोणी एक मालक नाही, हा त्याचा दावा. सिग्नल हे ॲप घडवणारे मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी तो तपासून जानेवारी २०२२ मध्ये निष्कर्ष लिहून काढले. त्यांनी केलेली एक डिजिटल वस्तू ओपनसी या बाजारपेठेने काढून टाकली, तशी ती, अशा वस्तू दाखवणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या वॉलेट ॲपमधूनही दिसेनाशी झाली. ब्लॉकचेनवर नोंद शाबूत होती, पण वॉलेट त्या नोंदीकडे थेट पाहतच नव्हते. ते ओपनसीलाच विचारत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये इन्फुरा ही इथिरियमपर्यंत पोहोचवणारी एक सेवा कोलमडली, तेव्हा काही मोठ्या एक्स्चेंजांना इथर या तिथल्या चलनाचे व्यवहार थांबवावे लागले. यंत्रे हजारो असून उपयोग काय, लोक ज्या दारातून आत जातात ती दारे दोन-तीनच असतील तर? म्हणूनच यंत्रांची मोजदाद मला फसवी वाटते. या मार्गात सट्टा पुष्कळ झाला. सामान्य माणसाच्या हाती निघून जाण्याची मोकळीक फारशी आली नाही.

त्या मानाने कमी गाजलेला मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ साली सुरू केलेल्या मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खात्याचा पत्ता ईमेलसारखाच दोन भागांचा असतो. सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे, भाषा एकच: ॲक्टिव्हिटीपब, ज्याला वेबचे संकेत ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. सर्व्हर पटला नाही तर खाते हलवता येते आणि तुमचे अनुसरण करणारे लोक आपोआप नव्या पत्त्याला जोडले जातात. जुने लेखन मात्र मागेच राहते, आणि जुना सर्व्हर आधीच बंद पडला असेल तर काहीच हलत नाही. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाच्या रचनेत लेखनासह खाते हलवण्याची सोय केलेली आहे. पण तिथले बहुसंख्य लोक अजून ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. या उणिवा मोठ्या आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. संकेत खुला ठेवला तरी लोक शेवटी दोन-चार मोठ्यांकडेच जातात; ईमेल खुले असून पुष्कळांचे खाते जीमेलवर आहे. आपल्या यूपीआयचेच पाहा. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत कोणतेही ॲप चालते, तरी फोनपे आणि गूगल पे मिळून व्यवहारांचा ८० टक्क्यांच्या आसपास हिस्सा धरून आहेत. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत हा, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नोव्हेंबर २०२० चा नियम पुन्हा पुन्हा लांबणीवर पडला आहे. हे सगळे मान्य. पण ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी काय झाले तेही पाहावे. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले, फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा त्याच एका बँकेमार्फत चालत होते, आणि देशातले एक सर्वांत मोठे ॲप ठप्प झाले. ज्यांचे खाते दुसऱ्या बँकेत होते त्यांना मात्र दुसरे ॲप उतरवून, त्याच खात्यातून, त्याच दुकानदाराला पैसे देता येत होते. फोनपेला धावपळ करून सुमारे एका दिवसात आयसीआयसीआय बँकेमार्फत सेवा पुन्हा सुरू करावी लागली, कारण ग्राहक जाऊ शकतो हे त्यांना ठाऊक होते. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲपच्या ग्राहकाला ही सोय नव्हती. यूपीआय विकेंद्रित नाही, त्याच्या मधोमध एनपीसीआयचा एकच स्विच बसला आहे. तरीही जाण्याची मोकळीक तिथे खरी आहे. मोठे असण्याला माझा विरोध नाही. मोठ्याकडून निघता न येण्याला आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि महाराष्ट्रात तो टाळून बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. एका कंपनीने ठरवले आणि ते देशभर लागू झाले. हजार सर्व्हरांच्या जाळ्यात हे कोण ठरवणार, आणि कोण मानणार? या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. द्वेष पसरवणाऱ्याला खुल्या जाळ्यातून समूळ काढता येत नाही. २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या मंडळींच्या स्थळाने मॅस्टोडॉनचीच आज्ञावली उचलली, तेव्हा बाकीच्या अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले; ते एकाकी पडले, पण संपले नाही. तरी दोन गोष्टी विसरू नयेत. मर्यादा माणसे मेल्यावर आली, आणि त्याआधीची मोकळी सूटही त्याच एका कंपनीच्या निर्णयाने देशभर लागू झालेली होती. कोट्यवधी लोकांसाठी एकच ठरवणारा असला की त्याची चूकही कोट्यवधींच्या वाट्याला येते. अहिराणी किंवा पावरी बोलीतली अफवा कॅलिफोर्नियातल्या कार्यालयाला कळेपर्यंत उशीर झालेला असणार. ती बोली कळणारा जबाबदार माणूस जवळच्या सर्व्हरवर असणे अधिक उपयोगाचे आहे. त्याच्या कामाचा मोबदला कोण देणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय मात्र हे नुसते बोलणे राहील. वाचनालये, विद्यापीठे, सहकारी संस्था यांनी तो भार उचलावा असे मला वाटते. सहकाराचा एवढा अनुभव ज्या प्रांताकडे आहे त्याला हे अशक्य नसावे.

‘सामान्य माणसाला सर्व्हर चालवता येणार नाही’ हा तिसरा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. चालवायची गरज नाही. टेलिफोन केंद्र कोणी घरी चालवत नाही, पण २० जानेवारी २०११ पासून देशात कुठल्याही ग्राहकाला मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. कंपन्यांनी हा हक्क आपखुशीने दिला नव्हता. तो नियमाने द्यावा लागला. युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स ॲक्टद्वारे मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपसारख्या बलाढ्य सेवांवर, मागणी करणाऱ्या इतर सेवांशी निरोपांची देवाणघेवाण करण्याचे बंधन घातले आहे. राहून गेलेला मजला बांधण्याची ही कायद्याची रीत आहे, आणि तंत्रज्ञांना एकट्याने जे वीस वर्षांत साधले नाही ते तिच्यामुळे साधू शकते.

आपल्याकडे काय झाले ते सांगून थांबतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली दिलेल्या विधेयकाच्या मसुद्यात, आणि २०१९ साली संसदेत मांडलेल्या विधेयकातही, आपला डेटा एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिलेला होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो नाही. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला एक खासदार आहे. ते कलम परत आणा, असे पत्र त्यांना लिहावे. आणि आपण ज्या वाचनालयाचे, नाट्यमंडळाचे, शाळेचे काम पाहता त्या संस्थेचा सगळा पत्ता जर फेसबुकच्या एका पानावर असेल, तर तिच्यासाठी स्वतःच्या नावाचे डोमेन या वर्षी घ्यावे. देवनागरीतले ‘.भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्यावर मराठीत नाव घेता येते.