तलंगांची जोपासना



८ आठवड्यांपुढील मादी पिलास तलंग म्हणतात. साधारणतः २० व्या आठवड्यापर्यंत ती केवळ खाते, देत काहीच नाही. म्हणून पालकाचा हात आखडतो आणि हानी तेथेच होते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते प्रकाशाकडे. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो. त्या ऋतूत वाढणाऱ्या तलंगा लवकर अंड्यावर येतात. पालकास आनंद होतो. परंतु अंगाने कच्च्या पक्ष्याची अंडी बारीक राहतात, काहींचे अंगही बाहेर येते. यास्तव वाढीच्या काळात रात्री दिवे लावू नयेत. दर आठवड्यास काही पक्षी तोलावेत आणि वजन भरल्यावरच, १८ व्या आठवड्यानंतर, प्रकाश हळूहळू १६ तासांवर न्यावा.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर व लगतच्या, तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छल तालुक्यात बर्ड फ्लूमुळे कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. राणीखेत रोगाची लस येथे उपयोगी पडत नाही. एकही अंडे न दिलेली तलंग गेली, तर पाच महिन्यांचे खाद्य बुडाले. म्हणून तलंगांचे घर अंड्यावरील कोंबड्यांपासून दूर असावे, तेथील माणूस वेगळा असावा आणि बाजारातून परतलेले अंड्यांचे ट्रे त्या बाजूस मुळीच नेऊ नयेत.