भाड्याची घरे टिकवायची तर सवलत कोणाला?

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९५४ च्या पोटनिवडणुकीत अशोक मेहतांना लोकसभेत पाठविणाऱ्या या भंडाऱ्यात करांसारख्या रुक्ष विषयावर बोलताना क्षमा मागण्याचे कारण नसावे. घरभाड्याविषयी मात्र आपण फार दिवस बोललेलो नाही.

विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश पन्नास वर्षे चालला. त्या आदेशान्वये भाडेकरूला घर खाली करण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला आणि पूर्वपरवानगीचे ते कुंपण गेले. मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढीचा अधिकार मिळाला. भाडेनियंत्रणाची बाजू मी आयुष्यभर मांडली आणि ती आजही सोडत नाही. परंतु एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कायदा भाडेकरूला घरात ठेवू शकतो. त्या घराचे छप्पर तो धरून ठेवू शकत नाही. दुरुस्तीचा पैसा कोठून यावा, याचे उत्तर आपण कधी दिलेच नाही.

आपल्याकडचा घरमालक म्हणजे बहुधा कोणी गिरणीवाला नव्हे. परसातल्या दोन खोल्या भाड्याने देणारी विधवा, निवृत्त शिक्षक, पितळेच्या भांड्यांचा धंदा बसलेला कारागीर, अशी ही माणसे. भाडेकरू म्हणजे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला किंवा वरठीच्या पोलाद कारखान्यातला कंत्राटी कामगार, तुमसरच्या भातगिरणीतला हमाल, खेड्यातून शिकायला आलेली मुले. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायचे, कुजलेली फाटी बदलायची, याचा खर्च भाड्यातून निघेनासा झाला की मालकापुढे दोनच वाटा उरतात: खोल्यांना कुलूप लावणे, नाही तर जागा बांधकाम व्यावसायिकाला विकणे. दोन्ही वाटांनी स्वस्त खोली कायमची जाते.

अशा वेळी सरकार करसवलतीचे औषध काढते. ते कोणाला लागू पडते, ते पाहा. भाड्याच्या उत्पन्नातून, घरपट्टी वजा जाता, दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट तीस टक्के वजावट मिळते. समजा, महिना पंधराशे रुपयांची खोली आहे. वर्षाचे भाडे अठरा हजार; वजावट, घरपट्टी क्षणभर बाजूला ठेवली तर, ५,४०० रुपये. नागपुरात महिना पन्नास हजारांनी बंगला देणाऱ्याला याच हिशेबाने १,८०,००० रुपये वजावट. म्हणजे भाडे जितके चढे, तितकी सवलत मोठी! शिवाय २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर आयकर पडत नाही. आमच्या विधवेला करच नाही, तर सवलत कशातून देणार?

याहून विचित्र गोष्ट कुलपाची. २०१९ च्या वित्त अधिनियमाने स्वतःच्या वापराचे म्हणून दाखविलेल्या दुसऱ्या घराचेही करपात्र मूल्य शून्य धरले. २०२५ मध्ये त्या घरात मालक का राहत नाही हे विचारणेही सरकारने सोडून दिले. भाड्याने दिलेल्या घरावर कर, बंद ठेवलेल्या दुसऱ्या घरावर नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. २०२१ मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी नफ्यावर शंभर टक्के वजावट जाहीर झाली, तीही नवे प्रकल्प उभारणाऱ्यांसाठी. उभ्या असलेल्या जुन्या खोलीचा विचार कोणी केला नाही.

अमेरिकेत १९८६ पासून गरिबांच्या भाड्याच्या घरांसाठी आयकरात मोठी सवलत आहे. ती बहुतांशी बँकांच्या हाती पडते आणि मुदत संपली की घरे बाजारभावाला जाण्याचा धोका असतो. उलट व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसविला, मोठ्या घरांवर भारी, लहानांवर हलका, आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली. आपली नगरपरिषद व्हिएन्ना नव्हे, हे मला माहीत आहे. रस्त्यावरचा दिवा लावायलाही तिला शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागते.

म्हणून माझी सूचना लहान आहे. सवलत आयकरात नको, घरपट्टीत द्यावी. ठरलेल्या मर्यादेखालच्या भाड्याने खोली देणाऱ्याची त्या भागाची घरपट्टी माफ व्हावी. अट एवढीच की भाडेपावती द्यावी, दुरुस्ती करावी आणि दहा वर्षे खोली भाड्यानेच ठेवावी. मध्येच विकली किंवा कुलूप लावले, तर माफ झालेली रक्कम व्याजासह वसूल करावी. परिषदेचे बुडणारे उत्पन्न राज्य शासनाने भरून द्यावे आणि तो आकडा दरवर्षी अर्थसंकल्पात छापावा. सवलत हाही खर्चच असतो, आणि तो लपविण्याची सोय सरकारला फार आवडते.

घरपट्टीची माफी काही कवेलूंचा सगळा खर्च भागविणार नाही. त्यासाठी दुरुस्तीचे कमी व्याजाचे कर्ज लागेल. ते कोणी द्यावे यावर नंतर बोलू. पण पावतीचे मोल पैशांहून मोठे आहे. आज मालक पावती देत नाही, कारण दिली तर घरपट्टी वाढेल अशी त्याला भीती असते. पावती नसलेला भाडेकरू कायद्यापुढे जवळजवळ नसल्यासारखाच असतो. राहत्या जागेचा पुरावा मागितला की त्याचे हात रिकामे. पावती दिल्याने घरपट्टी घटू लागली, तर मालकच ती लिहून देईल.

नगरपरिषदेची चतुर्वार्षिक आकारणी निघते तेव्हा हरकती मागविल्या जातात. त्या दिवसांत आजवर मालक तेवढे कचेरीत जातात. पुढच्या खेपेस प्रत्येक प्रभागातल्या भाड्याच्या खोल्या आणि त्यांची भाडी लिहिलेली वही घेऊन आपले कार्यकर्ते भाडेकरूंसह तेथे हजर असावेत. वही भरायला या उन्हाळ्यातच सुरुवात करता येईल.