उलट्या धाग्याचे कोडे
श्रोतेहो, पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते. पिशवीची चेन उघडावी तसे हेलिकेज नावाचे विकर दोन धागे सुटे करते; पॉलिमरेज हे दुसरे विकर नवे धागे विणते. पण पॉलिमरेज एकाच दिशेने चालते आणि धागे तर परस्परविरुद्ध! मग उलट्या धाग्याचे काय? जपानच्या नागोया विद्यापीठात रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने सहकाऱ्यांसह १९६८ पर्यंत ते उलगडले. तो छोट्या तुकड्यांनी विणला जातो, लायगेज हे विकर तुकडे सांधते.

मला मात्र चटका लागतो तो रेजींचा. हिरोशिमात जन्मलेल्या या माणसाने शाळकरी वयात अणुबॉम्बचा किरणोत्सर्ग सोसला होता. १९७५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ते गेले, अवघ्या ४४व्या वर्षी. प्रयोगशाळा पुढे त्सुनेकोंनी सांभाळली.