यंत्राला शिकवणारी मुलं



जिल्हाभरातल्या शिक्षकांच्या आपल्या या मेळाव्यासाठी ‘प्राथमिक शाळेत तंत्रज्ञान आणि रोबोट’ हा विषय ठरल्याचं कळल्यावर आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, “लाइट बिल कोण भरणार?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याकडे शेवटी येतोच.

2024 साली तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत ‘आयरिस’ नावाचा रोबोट आला. त्याला साडी नेसवली होती. फोटो तुम्ही पाहिले असतील. तो बोलतो, प्रश्नांची उत्तरं देतो. मला कुतूहल वाटलं ते साडीचं. शिकवणारी म्हणजे साडीतली बाई आणि शिकवणं म्हणजे विचारलेल्याचं उत्तर देणं, एवढीच आपल्या कामाची ओळख समाजात उरली असेल तर विचार करायला हवा. उत्तरं तर गाइडमध्येही असतात.

याच्या अगदी उलट्या टोकाचं एक यंत्र मला फार आवडतं. 1967 साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट, वॉली फर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, गणिती. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंजवळ काही वर्षं काम केलेले. (पियाजे आपण डी.एड.च्या परीक्षेपुरते पाठ केले आणि हॉलबाहेर पडताच विसरलो, ते सोडा.) पुढे लोगोवर चालणारं एक ‘कासव’ आलं. वर घुमटासारखी पाठ, खाली चाकं, पोटाशी पेन. जमिनीवर कागद अंथरायचा आणि मुलाने हुकूम द्यायचा: 100 पावलं पुढे, 90 अंश उजवीकडे. असं चार वेळा केलं की चौरस.

खरी गंमत त्रिकोणात आहे. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे मुलाला पाठ असतं. तो 60 सांगतो. कासव बापडं सांगितलं तसंच वळतं आणि तिसरी बाजू काढून झाली तरी त्रिकोण काही मिटत नाही. कागदावर अर्धा षटकोन उमटतो. कोणी रागावत नाही, लाल शाईची फुली पडत नाही. मूल उठतं, स्वतः कासव होऊन चालून बघतं. मग कोपऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं की आपण ज्या दिशेला निघालो होतो तिच्यापासून वळायचंय आणि ते वळण 120 अंशांचं आहे. बाह्यकोन असा पायांतून डोक्यात शिरतो. आपण तो वरच्या वर्गात व्याख्या घालून शिकवतो आणि मुलं 60 की 120 यात अडकून बसतात.

इथे शिकवतंय मूल, आणि शिकतंय यंत्र. यंत्र आपल्या डोक्याने काही सुधारून घेत नाही, म्हणूनच सांगणाऱ्याची चूक उघडी पडते. लहान वर्गांसाठी मिळणारी ‘बी-बॉट’ ही खेळण्यातली मधमाशीही याच जातीची. पाठीवर बटणं, एका हुकमात 15 सेंटिमीटर पुढे किंवा मागे, नाहीतर जागच्या जागी काटकोनात वळणं. पडदा नाही, आवाजात कौतुक नाही.

बोलक्या रोबोटचं काय होतं? जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी बोलणारे दोन ‘रोबोव्ही’ ठेवले होते. तो अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात मुलांची झुंबड, दुसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरलेला. ज्यांचा लळा टिकला त्यांचं इंग्रजी थोडं सुधारलं, हेही खरं. पण नवलाई आणि शिक्षण यांत फरक असतो. लॅपटॉपचंही तसंच. पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांना ते वाटले. 319 शाळांच्या पाहणीत गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष 2012 साली आला. तेच लॅपटॉप 2007 साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेतही आले होते. वस्तू वाटणं सोपं, फोटोही चांगले येतात.

आपल्याकडे या वस्तुवाटपाचं दुसरं टोकही आहे. परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच, त्यांचे पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड. परितेवाडीत गेल्यावर त्यांनी जे केलं त्यातली एक गोष्ट मला त्याहून मोठी वाटते: मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते कन्नड शिकले. कोड नंतर छापता येतो.

तुमच्याकडे रोबोट नसला तरी उद्या सकाळी एक करून बघा. व्हरांड्याच्या फरश्या मोजा, एका मुलाला रोबोट करा, दुसऱ्याने हुकूम द्यायचे. दोघं समोरासमोर उभी राहिली की पहिल्याच वळणाला गोंधळ. हुकूम देणारी मुलगी आपल्या उजवीकडे हात करून “उजवीकडे” म्हणते, रोबोट मात्र स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे भलत्याच बाजूला वळतो, आणि भांडण जुंपतं. तिथे तुम्ही मध्ये पडू नका. थोड्या वेळाने ती मुलगी आपणहून त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. दुसऱ्याच्या जागेवरून बघायचं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

आता लाइट बिल. लोकवर्गणीतून टीव्ही आले, टॅब आले. मीटर बंद पडल्यावर किती टॅब कपाटात गेले, ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. दुपारच्या सत्रात तीन मागण्यांचा ठराव यावा, अशी माझी सूचना आहे. यंत्र खरेदी करण्याआधी ते वापरणाऱ्या शिक्षकाला विचारावं. खरेदीच्याच मंजुरीत वीज आणि दुरुस्तीची तरतूद असावी. आणि यंत्राचे हुकूम मराठीत, शक्य तिथे मुलांच्या घरच्या बोलीत असावेत. मागण्या मान्य होतील न होतील, पण द्विशिक्षकी शाळेत एक जण माहिती भरत बसलेला असताना दुसऱ्याने रोबोट चालवावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी त्या पहिल्याला वर्गात परत पाठवावं, एवढं तरी ठरावात लिहा.