नवसागराची चिमूट

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, नागपूर)



आपलं गाव देशाच्या मधोमध. इथून समृद्धी महामार्गाला लागलात तर 701 किलोमीटर संपल्यावर भिवंडीजवळचं आमणे येतं; समुद्र त्याच्याही पुढे. अशा गावात, बैठकीच्या खोलीत, मी 200 लिटर समुद्र मांडला. पहिले चाळीस दिवस त्यात एकही मासा नव्हता. शेजारचे काका रोज संध्याकाळी डोकावायचे. "काय करून राहिले भाऊ? नुसतं पाणीच पाहून राहिले का?" हो, पाणीच पाहत होतो. आज त्या चाळीस दिवसांबद्दलच बोलायचं आहे.

तसा हा माझा दुसरा डाव. पहिल्या डावात एका दुकानदाराच्या शब्दावर मी दुसऱ्याच दिवशी दोन मासे सोडले. चौथ्या दिवशी ते पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकू लागले, कल्ले लालभडक झाले, आणि सकाळी दोन्ही तळाशी पडलेले होते. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. त्या स्वच्छ पाण्यानंच त्यांना मारलं, हे समजायला मला फार वेळ लागला. त्याचं दुःख अजून आहे.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं सडलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत, समुद्रात तो पांगतो. काचेच्या पेटीत कुठे जाणार? त्यातही खाऱ्या टाकीची एक अडचण आहे. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो, आणि पीएच एकानं वाढला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्यातला गप्पी जे निभावून नेतो, ते समुद्रातल्या माशाला झेपत नाही.

दुसऱ्या वेळी पाण्यापासून सुरुवात केली. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी आपल्याला पिण्यासाठी ठीक. पण त्यातलं क्लोरीन आणि विरघळलेले क्षार इथे चालत नाहीत. म्हणून आरओचं पाणी, त्यावर पुन्हा रेझिनची गाळणी, मीटरवर टीडीएस शून्य. त्यात लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे एकूण सात किलो, मत्स्यालयासाठी बनवलेलं समुद्री मीठ. स्वयंपाकघरातलं मीठ नाही, कारण समुद्रात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. टाकीत रचायचा खडक मात्र माणसानं तयार केलेला घेतला. खडक बांधणारी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कोणी मालवणहून किंवा अंदमानातून प्रवाळाचा तुकडा आणून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता नवसागर. तोच तो, कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. रसायनशास्त्रात तो अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्याचा नको, प्रयोगशाळेतला शुद्ध घ्यायचा. 200 लिटरला सव्वा ग्रॅम पुरतो, चिमटीत मावेल एवढा. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. एकाही जिवाला त्रास न देता माशाची घाण आधीच पाण्यात आणून ठेवायची, आणि ती खाणाऱ्यांची वाट पाहायची.

हे खाणारे कोण, याचा शोध मोठा सुंदर आहे. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी झिरपवलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. जसा अमोनिया आत जाई तसाच बाहेर येई. मग अचानक खालून नायट्रेट येऊ लागलं. रसायनाचंच काम असतं तर पहिल्या दिवशीच झालं असतं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबलं. वाफ काढून घेतली, तरी सुरू होईना. थोड्या मातीचं पाणी वरून ओतल्यावर काही दिवसांत पुन्हा सुरू झालं. म्हणजे तिथे कोणीतरी जिवंत होतं.

आपल्या भाषेत, ते मातीचं पाणी म्हणजे विरजण. पण दही रात्रीतून लागतं आणि टाकी मुरायला सहा आठवडे का? दह्यातल्या जिवाणूंपुढे दुधाचं ताट वाढलेलं असतं. अमोनियावर जगणाऱ्यांना त्यातून जेमतेम ऊर्जा मिळते, आणि तेवढ्यात पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवायचं असतं. ते एकाचे दोन व्हायला एखादा दिवसही घेतात. शिवाय काम दोन हातांत वाटलेलं. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्यांचं ताट रिकामं होईपर्यंत दुसऱ्यांची पंगत नीट बसत नाही.

मी रोज रात्री काचनळीत पाच मिलिलिटर पाणी घेई, चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकी, पाच मिनिटं थांबे. पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. बारा दिवस गर्द हिरवा. तेराव्या दिवशी पोपटी. सोळाव्याला अमोनियाची नळी पिवळी झाली, पण नायट्राइटची जांभळी, इतकी की आरपार दिसेना. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. अर्धं काम झालेलं असतं, आणि अर्धं अजून बाकीच असतं.

या सूक्ष्मजीवांचं काम आपल्या शहराला नवं नाही. भांडेवाडीला सांडपाण्याच्या टाक्यांत हवा घुमवली जाते, तिथे याच जातीची मंडळी राबतात. तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राकडे जातं. 1958 पासून आपल्या गावात असलेली, आज नीरी म्हणून ओळखली जाणारी संस्था मैलापाण्याच्या याच शास्त्रावर उभी राहिली. आणि मत्स्यालयाला कमी लेखू नका. 2005 मध्ये सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खडीतून एक सूक्ष्मजीव वेगळा काढून वाढवला गेला. तो जिवाणूही नव्हता; आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातला होता. अमोनियावर जगणारा असा आर्किया तोवर कोणी वाढवून दाखवला नव्हता. त्याचे भाईबंद महासागरांत अगणित आहेत, पण तो सापडला काचेच्या टाकीत.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल दोन शब्द. पारा 45 च्या पुढे गेला की टाकीवरच्या पंख्यानं भागत नाही, चिलर लागतो. टाकी 26 अंशांवर ठेवायची आहे. रोज पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. आणि दुपारी वीज गेली तर निदान पंप इन्व्हर्टरवर हवा. या सूक्ष्मजीवांना प्राणवायू लागतो, ते पाणी फिरण्यावरच जगतात.

एकोणचाळिसाव्या दिवशी मी पुन्हा नवसागराची पूर्ण चिमूट टाकली. चाळिसाव्या संध्याकाळी काका नेहमीसारखे आले. मी दोन्ही काचनळ्या त्यांच्या हातात दिल्या आणि पांढऱ्या कागदापुढे धरायला सांगितलं. एक पिवळी, दुसरी फिकट निळी. अमोनिया नाही, नायट्राइट नाही. दोन मिलिग्रॅम एका दिवसात फस्त. काकांनी चष्मा वर केला, नळ्या परत खिडकीच्या उजेडात धरल्या आणि विचारलं, "मंग आता मासे कधी आणता?"